ओळख पटवणारा

"हा फोटो तुमचाच कशावरून?" ॲड. पंकजाने आधार कार्ड उजेडात धरून विचारले.

कार्डावरचा चेहरा इतका पुसट झाला होता की ती लंकाबाई असू शकत होती, तिची बहीण असू शकत होती, किंवा पाथर्डी तालुक्यातली तिच्या वयाची कोणतीही बाई.

"माझाच हाय, बाई. ऊस तोडताना कमरंला असायचं. घामानं गेला."

पंकजाला ते पटले. पण पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती वकिलीकडे वळली होती आणि नोटरी झाल्यापासून तिने एक नियम कधी मोडला नव्हता. समोरचे माणूस तेच आहे याची खात्री पटल्याशिवाय शिक्का उठणार नाही.

लंकाबाईचा नवरा ऊसतोडीच्या टोळीतून एके दिवशी निघून गेला, त्याला सात वर्षांहून कितीतरी अधिक काळ लोटला होता. जमीन अजून त्याच्याच नावावर. थोरला मुलगा कल्याण तिथे विहीर घेऊ पाहत होता. ते जमले नाही तर त्यालाही कोयता घेऊन कारखान्याची वाट धरावी लागणार होती. नवरा मृत मानावा असा दावा न्यायालयात दाखल व्हायचा होता आणि त्याला तिचे प्रतिज्ञापत्र जोडायचे होते.

"तुम्हाला ओळखणारं कोणी आहे इथं? मीही त्या माणसाला ओळखत असले पाहिजे."

लंकाबाईने दाराकडे पाहिले.

"मी वळखतो बाईंना," दारातून आवाज आला.

तो कानिफनाथ होता. न्यायालयाच्या आवारात टायपिंग करणारा. हे प्रतिज्ञापत्रही त्यानेच टाइप केले होते. पंकजाच्या खोलीबाहेर तो वर्षानुवर्षे बसत आला होता. घरून आलेल्या डब्यातली भाकरी वाटून खाई. आवारातली माणसे पंकजाला ठाऊक होती, म्हणूनच तिला शंका आली. चहाच्या बोलीवर अनोळखी माणसाची ओळख पटवणारे तिथे कमी नव्हते.

"कसं ओळखता?"

"एका टोळीत हुतो, मॅडम. लई वर्सं झाली."

"एवढ्यावर भागणार नाही."

"म्हायेर तिसगावचं. डाव्या पोटरीवर कोयत्याचा वण हाय. थोरलं पोरगं फडावरच झालं, कोपीत. पानी तापवायला सरपन नव्हतं, तवा पाचट पेटवलं."

लंकाबाईने लुगडे जरासे वर उचलले. वण होता.

"समदं ध्यानात हाय म्हनायचं," ती म्हणाली. "गाव तेवढं इसरलं."

कानिफनाथाने मान खाली घातली.

पंकजाने मजकूर सावकाश वाचून दाखवला. "आता नवऱ्याचं नाव सांगा."

"त्यात लिवलंय की."

"तुमच्या तोंडून हवं."

"आमच्यात नाव घेत न्हाईत."

"शपथेवर घ्यावं लागतं, मावशी."

लंकाबाईने पदर कपाळापर्यंत ओढला. कुंकू ठसठशीत होते, सकाळीच लावलेले. "सहादेव," ती म्हणाली.

कानिफनाथाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"इतक्या वर्षांत ते परत आले? काही खबर?"

"गेला त्यो मानूस मला पुन्यांदा गावला न्हाई," लंकाबाई म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

अंगठा उमटला. ओळख पटवणाऱ्याच्या जागी कानिफनाथाने सही केली. शाई पुसायला म्हणून त्याने आपले कळफलक पुसायचे फडके तिच्या हाती दिले.

पंकजाने नोंदवहीत नोंद केली, तिकीट लावले, शिक्का मारला. अमुक बाईने समक्ष येऊन शपथ घेतली, एवढेच तो शिक्का सांगतो. शपथ खरी की खोटी, हे सांगणे त्याचे काम नव्हे. तरी या वेळी तिला खात्री वाटत होती. कानिफनाथावर उगाच संशय घेतला, याची खंतही वाटत होती. त्याचे स्वतःचे ओळखपत्र तिने कधीच मागितले नव्हते. रोज दिसणाऱ्या माणसाकडे ते कोण मागते?

दोघे गेल्यावर टेबलावर आधार कार्ड राहिलेले दिसले. ते द्यायला पंकजा बाहेर आली.

व्हरांड्यात प्रिंटरपाशी ते दोघे उभे होते. फडके अजून लंकाबाईच्या हातात होते. अंगठ्याची शाई तशीच होती. कपाळ मात्र कोरे झाले होते.

"यंदा पितरपाटात तुमचं पान वाढते मग," ती म्हणाली.

"वाढ," कानिफनाथ म्हणाला. "आन् कल्याणला म्हनावं, हीर वरल्या बांधाला घे. आपलं पानी तिथंच हाय."