आग्रहाची कॉफी

"कप असा हलवला म्हणजे पुरे. नाही हलवला, तर यजमान ओततच राहणार," लॅपटॉपवरच्या हनानबाई हातातला रिकामा छोटा कप दोनदा हलवून दाखवत म्हणाल्या.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या घरात, डायनिंग टेबलाशी बसून रवींद्रने ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या महिन्यात त्याला ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे अम्मानला जायचं होतं, आणि तिकडच्या चालीरीती शिकवायला कंपनीने या जॉर्डनच्या बाई नेमल्या होत्या. द्यायचं-घ्यायचं उजव्या हाताने. पायाचा तळवा समोरच्याकडे करायचा नाही. कुणाच्या घरातल्या वस्तूची फार तारीफ करायची नाही, नाहीतर तीच उचलून तुमच्या हातात देतील. पंचेचाळिशीचा माणूस दहावीतल्या पोरासारखा नंबर घालून लिहीत होता. पलीकडे कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या शैलजाला, त्याच्या बायकोला, त्याचं हसू येत होतं.

"आता एक महत्त्वाचं," हनानबाई म्हणाल्या. "पाहुण्याने कॉफी घेतली, पण न पिता तशीच समोर ठेवली, तर समजायचं, तो काहीतरी मागायला आलाय. तोंडाने मागणं जड जातं ना. मग यजमानाने म्हणायचं, कॉफी घ्या, तुमचं काम झालंच समजा. त्यानंतरच तो पितो. न पिता उठून गेला, तर त्या घराला कमीपणा."

रवींद्रचं पेन थांबलं. त्याने वळून शैलजाकडे बघितलं. ती आता हसत नव्हती.

"अबू समीर काका," ती म्हणाली.

अबू समीर त्यांचे शेजारी. मूळचे अम्मानचेच, सत्तरी ओलांडलेले. शैलजा त्यांना काका म्हणायची आणि ते खुशीने ओ द्यायचे. गेल्या जानेवारीत, रस्त्यावर फूटभर बर्फ असताना, एका दुपारी ते कधी नव्हे ते दारात येऊन उभे राहिले. बायको आजारी आहे, एवढंच या दोघांना ठाऊक होतं. शैलजाने कॉफी केली. त्यांनी कप घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. मग या दोघांनी आग्रहात काही कमी ठेवलं नाही. साखर जास्त झाली का, दूध चालत नाही का, गरम करून देऊ का. चहा आणला, ज्यूस आणला, चकल्या काढल्या. अर्ध्या तासाने ते उठले, छातीवर हात ठेवून थँक्यू म्हणाले आणि बर्फातून घरी गेले. एप्रिलमध्ये त्यांची बायको वारली. नंतर घर विकून ते मिशिगनला मुलाकडे राहायला गेले.

"कप मीच उचलून नेला, रवी. आणि वर तुला म्हटलं, त्यांना आपल्या हातचं चालत नसेल."

"मी पण हो म्हणालो."

सेशन संपल्यासंपल्या रवींद्रने फोन हातात घेतला.

"आता कॉल करून काय होणार आहे?" शैलजा म्हणाली.

"माहीत नाही. पण न विचारता तिकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

त्याने फोन स्पीकरवर टाकला. अबू समीरना केवढा आनंद झाला. त्यांनी एकेकाची चौकशी केली, रवींद्रच्या आईच्या गुडघ्यांचीसुद्धा. तो अम्मानला निघालाय हे ऐकून तर ते खूशच झाले. मग रवींद्रने सरळ विचारलं, "काका, जानेवारीत तुम्ही आमच्याकडे काहीतरी मागायला आला होतात. आम्हाला कळलं नाही. काय हवं होतं?"



"छोटी गोष्ट होती," ते म्हणाले. "गुरुवार. तिला दर गुरुवारी केमोला शिकागोत न्यायचं असायचं. मला मोतीबिंदू, गाडी चालवायला मनाई. तुझी गाडी गुरुवारी घरीच असायची."

"मग कसे जायचात?"

"ट्रेनने. स्टेशनपर्यंत हळूहळू चालत. पुढे तिला चालवेना, मग नाही गेलो."

शैलजा खुर्चीत बसली. रवींद्रला स्वतःची लाज वाटली, त्याने सॉरी म्हटलं. शिकागो म्हणजे तासाभराचा रस्ता. मित्रांना एअरपोर्टवर सोडायला तो वर्षातून दहा वेळा तिकडे जायचा.

"तुला कसं माहीत असणार?" अबू समीर म्हणाले. "मीच तोंडाने विचारायला हवं होतं. चाळीस वर्षं या देशात काढली, तेवढं एक जमलं नाही. ते जाऊ दे. अम्मानचं हॉटेल कॅन्सल कर. माझा भाऊ एअरपोर्टवर येईल. तीन आठवडे त्याच्याच घरी राहायचं."

"नको काका, कशाला त्यांना त्रास? कंपनी सगळं..."

"त्याला मी आत्ताच कळवतो," अबू समीर म्हणाले. "तुला तिथे काही मागावं लागणार नाही."