घरचा गालिचा

गालिच्यांच्या कारखान्याच्या मालकाने आपल्या दिवाणखान्यातला गालिचाच कोर्टात आणून अंथरला. "आमच्याच कारखान्यात विणलाय हा, साहेब. इतकी नाजूक वीण लेकरांच्या हातून उतरेल का? माझ्याकडे एकजात मोठी माणसं कामाला होती. लहानपणी माझ्याकडे राबले म्हणते ही बाई, ते सगळं कुभांड आहे."

न्यायाधीशांनी साक्षीला उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे काही पुरावा?"

"आत्तापर्यंत नव्हता, साहेब. मालकांनीच पायघड्या घालून आणला."

ती गालिच्यापाशी उकिडवी बसली, तसा मालक खेकसला, "हात लावू नकोस, मळेल!"

"माझ्याच हातचा आहे, मालक."

लहानपणी ती इतर पोरांबरोबर जिथे विणायला बसायची, त्या बाहेरून कडी घातलेल्या खोलीला साधी खिडकीही नव्हती. टाकायचं काही असलं, की पोरं ते लोकरीत गुंडाळून गालिच्याच्या जाड काठात शिवून टाकायची. मालक तिथवर कधी वाकलाच नाही.

शिपायाकडून कात्री मागून घेऊन तिने काठ उसवला. आतून निघालेल्या लोकरीच्या बारक्या पुरचुंड्या ती न्यायाधीशांच्या टेबलावर एकेक करून सोडत गेली. मालक आधी हसला, मग मान उंचावून बघायला लागला, आणि बघता बघता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.



"हे घ्या, मालक," ती म्हणाली, "तुमच्या मोठ्या माणसांचे दुधाचे दात."