खदूजाची भिंत

“आरसे उतरवा मावशी,” इनास म्हणाली. “आमच्या लेझरला आरसा कळत नाही. त्याला वाटतं, पलीकडे आणखी एक खोली आहे.”

“खुळंच आहे की तुझं यंत्र!” म्हणत मबरूकानं आरसे उतरवले. वाळवंटातल्या अख्ख्या जुन्या गदामेस गावात कॉम्प्युटरमध्ये उभं करायला त्रिपोलीच्या या पोरीनं तिचंच घर आधी निवडलं होतं. सकाळपासून ती त्याच तोऱ्यात होती. पितळी वाडगेही उतरले.

आणि खदूजाची भिंत उघडी पडली.

लाल खजूर, लाल चंद्र, लाल पंजे. खदूजा म्हणजे मबरूकाची सवत, थोरली. मरून जमाना झाला. इथं नवरी आपल्या हातानं घर रंगवते. खदूजानं ते असं रंगवलं होतं, की धाकटी नवरी होऊन आली तेव्हा तिला बोटभर जागा उरली नव्हती. मग तिनं खिळे मागवले आणि आरसे ठोकले.

“या अल्ला!” इनास हरखली. “कुणी काढलं हे?”

“होती एक. काम कर तुझं.”

“उद्या घर पडलं, तरी कॉम्प्युटरमधून यातली एक रेष जायची नाही बघा. चला, बाहेर. खोलीत माणूस नको.”

मबरूका जिन्यापर्यंत गेली. एक रेष जायची नाही म्हणे! नवरा शेवटच्या दुखण्यात पाणी मबरूकाच्या हातचं प्यायचा, आणि बघत पडायचा आरशाआडून डोकावणाऱ्या त्या खजुराच्या शेंड्याकडे.

यंत्र फिरू लागलं. मबरूका तरातरा मागे आली आणि हात पसरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. यंत्र थांबेपर्यंत हलली नाही.

“अहो मावशी, काय केलंत हे!”

“माझं घर. कुठंही उभी राहीन.”

इनासनं कपाळावर हात मारून टॅबचा पडदा तिच्यापुढं धरला. “तुमचं चित्र पुसता येतं. पण तुमच्यामागची भिंत लेझरला दिसलीच नाही ना!” तिनं बटण दाबलं. पडद्यावरची मबरूका गेली. लाल खजुरांच्या मधोमध, हात पसरलेल्या बाईएवढी काळी जागा उरली. “पुन्हा करू. आता तरी बाहेर थांबा.”

मबरूकानं त्या जागेच्या कडेकडेनं बोट फिरवलं. सावकाश, सगळीकडून.

“इथं रंगवता येतं का गं?” तिनं विचारलं.