दिवा

जानकीने सोललेल्या काजूंची परात यंत्राखाली सरकवली आणि डोळे मिटून घेतले. चार महिन्यांत तिच्या परातीवर तीनदा लाल दिवा लागला होता. सोलणारीच्या घामातलं दुःख त्या यंत्राला कळे, आणि दुःखी माणसाच्या हातचा माल घ्यायचा नाही, असं परदेशांशी झालेल्या व्यापारकरारात मानवी हक्कांच्या कलमात लिहिलं होतं.

"कायदा तुमच्या भल्याचाच आहे, वहिनी," मुकादम दर वेळी म्हणे. "घरी जा, मन हलकं करा."

"घरात दिगूचा शर्ट खुंटीवर आहे, भाऊ. तिथे कसलं मन हलकं होतंय? इथे बायकांत बसले की घास तरी उतरतो."

तरी तिला घरी परतावंच लागे. दिगू तिचा एकुलता एक मुलगा, चार महिन्यांपूर्वी, नवव्या वर्षी तापाने गेलेला.

आज हिरवा दिवा लागला.

बायकांनी एकच कल्ला केला. "सुटलीस गो बाय!" म्हणत शेजारच्या रखमाने तिची जागा हाताने झाडली, आपल्या डब्यातली भाकरी पुढे केली.

जानकी जागची हलली नाही.

"रखमा," ती हळूच म्हणाली, "मी त्याला विसरले का गो?"

जानकीने परात मागे ओढली, काजूंत दोन्ही हात खुपसून ती तळव्यांना घाम फुटेपर्यंत दिगूला आठवत बसली, मग परात पुन्हा यंत्राखाली सरकवली.

दिवा लाल झाला. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला, आणि ती उठून घराकडे चालू लागली.