दोन नावांचा पुकारा

बायको बेबाबाई गेल्याचं कळलं, तेव्हा आधार धुळ्यात चुडामण वकिलांकडे बसला होता. पुढच्या महिन्यात शेवटची तारीख होती. घटस्फोट आणि पोटगी, दोन्हींचा निकाल लागायचा होता. वकील लेखी युक्तिवाद वाचून दाखवत होते. बाई शिवणकाम करून पोट भरू शकते, असं त्यात लिहिलं होतं. दोघांत नातं म्हणून काही उरलेलं नाही, असंही होतं. आधारने दोन्हींना मान हलवली होती.

तेवढ्यात तिचा भाऊ धनसिंग अमळनेरहून आला. कोर्टात तो आधारकडे तोंड वर करून बघत नसे. आज सरळ आत आला आणि म्हणाला, अक्का पहाटे गेली, काविळीने. वकिलांनी कागद उलटा ठेवला.

आपण तिकडे जाऊ नये असंच तिच्या माहेरच्यांना वाटत असणार, असं आधारने धरलं. निरोप दिलात, बरं केलं, एवढंच तो बोलला. धनसिंग जागचा हलला नाही.

"दाजी, निकाल लागना नही अजून. माय म्हनस, ती तुमनी बायको शे. कुकू तुम्हीच लावा."

दोघं मिळेल त्या एस.टी.ने अमळनेरला निघाले. अंगणात बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातभर बांगड्या भरल्या होत्या. सासूने करंडा पुढे केला. आधारने बोटावर कुंकू घेतलं आणि ते तिच्या भुवईवर सांडलं. लग्नातही असंच सांडलं होतं. तेव्हा ती हसली होती.

तेराव्याला धनसिंगने मृत्यूचा दाखला आधारच्याच हातात दिला. नवरा म्हणून कोर्टात तुम्हीच द्या, म्हणाला. वकिलांनी पुरशीस टाइप करून ठेवली. जाबदेणार बेबाबाई मयत झाली आहे, काम निकाली काढावं, असं कोर्टाला कळवायचं होतं. खाली आधारची सही हवी होती.

तारखेला पट्टेवाल्याने दारात येऊन पुकारा केला.

"आधार रामा पाटील, बेबाबाई आधार पाटील."

तीन वर्षं हा पुकारा झाला की आधारला चारचौघांत तोंड लपवावंसं वाटायचं. त्या दिवशी तो वऱ्हांड्यात ऐकत उभा राहिला. घरात, गावात, कुठेच आता कोणी ही दोन नावं एका दमात घेणार नव्हतं.

वकिलांनी पेन पुढे केलं. आधार म्हणाला, दाखला घरी राहिला. तो त्याच्या खिशात होता.

"एक सही करा आधारभाऊ, मोकळे व्हाल," वकील म्हणाले.

"पुढच्या तारखेला करतो, साहेब."

त्यानंतर चार तारखा झाल्या. पुरशीसवर सही अजून व्हायची आहे.