अर्धी वाटी ओट्स

"अर्धी वाटी. आणि कोरडे असतानाच मोजायचे, शिजल्यावर नाही," कंपनीच्या दवाखान्यातली नर्स नवरा-बायको दोघांनाही बजावत होती. "दुप्पट पाणी, वर सफरचंदाच्या चार फोडी. पोटही भरतं आणि वजनही उतरतं. लक्षात राहील ना वहिनी?"

"न राहायला काय झालं!" शिंपीणबाई म्हणाली आणि घरी येऊन तिनं फडताळातली सगळ्यात मोठी वाटी काढली. ती शिगोशीग भरली, पाण्याऐवजी साईचं दूध ओतलं, लोण्याचा गोळा सोडला, वर बदामाचा कूट भुरभुरला. सफरचंद तिनं स्वतः खाल्लं.

नवरा तिचा पवनचक्क्यांचा मेकॅनिक. ढगांच्या पोटाला गुदगुल्या करून जेवायला घरी येणारा गडी. पण वर चढताना कमरेला बांधायचा पट्टा शंभर किलोपर्यंतच भरवशाचा, आणि हे महाशय शंभरी ओलांडून बसलेले. कंपनीनं त्याला खाली उतरवून गोदामात बसवलं आणि तीन महिन्यांची मुदत दिली. काटा शंभराच्या आत आला तर पुन्हा वर. नाही आला तर कायमचं गोदाम.

शिंपीणबाईला कायमचं गोदामच हवं होतं. मागं एकदा वाऱ्यानं दोर गुंतला आणि हा पठ्ठ्या दुपारभर वटवाघळासारखा लोंबकळत राहिला. घरी येऊन त्यानं तो किस्सा हातवारे करून सांगितला, स्वतःच खो खो हसला. तेव्हापासून छताचा पंखा फिरला तरी ती उठून बंद करायची. "सोडा ना आता ते चढणं," एवढं ती एकदाच म्हणाली होती.

"अगं, जमिनीवर मला चक्कर येते!" त्यानं छाती फुगवून सांगितलं होतं.

त्या दिवसापासून तिनं तोंड बंद केलं आणि पातेलं हाती घेतलं.

"ही अर्धी वाटी?" पहिल्याच सकाळी नवऱ्यानं बाऊलमधला डोंगर न्याहाळत विचारलं.

"फुगतात ते."

"आणि हे तुपकट काय लागतंय?"

"ओट्सचा गुण आहे तो. खा मुकाट्यानं."

तो मुकाट्यानं खाई, बोट फिरवून बाऊल लख्ख करी. ती मनातल्या मनात किलो मोजी. घरातल्या वजनकाट्याची बॅटरी तिनं केव्हाच बटणांच्या डब्यात दडवली होती.

पण एके दिवशी त्याची पँट धुवायला घेताना तिचा हात थबकला. पँटच्या पट्ट्याला आतल्या बाजूला नवं भोक पाडलं होतं. तिनं टेप लावून पँटची कंबर मोजली. पँट तेवढीच होती, म्हणजे आतला माणूस कमी झाला होता. तिनं गुपचूप पँटची कंबर बोटभर आत घेतली, म्हणजे निदान आणखी किती उतरलं ते तरी त्याला कळू नये. लोण्याचे दोन गोळे केले. आठवडाभरानं पँट पुन्हा ढगळ. पुन्हा शिलाई, पुन्हा लोणी. असं करता करता कापडात घ्यायला जागा उरेना आणि बाऊलमध्ये ओतायला.

कोडं सोडवलं नवऱ्याच्या जोडीदारानं. वर चढताना याचा दोर धरणारा, सगळे त्याला बुटक्या म्हणत. तो शर्टाची बाही शिवून घ्यायला आला होता.

"वहिनी, काय घालता काय याच्या पोटात? दुपारपर्यंत भुकेचं नाव नाही! आधी दहा वाजता पाव, अकराला केक, बाराला पुन्हा पाव. आता कॅन्टीनकडे ढुंकून बघत नाही. कॅन्टीनवाला तुम्हाला शिव्या घालतोय!"

शिंपीणबाईच्या बोटात सुई घुसली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं नर्सचा शब्द न् शब्द पाळला. अर्धी वाटी, कोरडी असतानाच मोजलेली. दुप्पट पाणी. चार फोडी. आता भुकेनं कळवळेल, कॅन्टीनला पळेल, पाव हाणेल.

"आज एवढंसंच?" नवरा म्हणाला.

"मुदत जवळ आली ना! भूक लागली तर खा की कॅन्टीनमध्ये थोडं. मी काही नर्सला सांगायला जात नाही."

"छे! सवयच मोडली बघ त्या पावाची."

तिला रडू आलं ते तिनं कांद्यावर ढकललं.

वजनाच्या दिवशी तो जाडजूड स्वेटर घालून भल्या सकाळी निघाला. ती मशीनवर बसली. एका झग्याला तिनं दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या, उसवल्या, पुन्हा डाव्याच लावल्या. पंखा बंद केला. खिडकी लावली. उघडली. पुन्हा लावली.

दुपारी दार वाजलं. तो उंबऱ्यातच खाली मान घालून उभा.

"काय झालं?"

"शंभर आणि वर दीड. नर्सनं दोनदा उभं केलं काट्यावर. बुटक्याच्या तर डोळ्यात पाणी आलं." त्यानं सुस्कारा सोडला. "गोदाम. कायमचं."

शिंपीणबाईनं चेहरा कष्टानं पाडला. "अगंबाई! एवढी मेहनत केली हो आपण!"

"नशीब म्हणायचं. तुझा काही दोष नाही गं."

मग मात्र तिला राहवलं नाही. भर दुपारी, उघड्या दारात, तिनं धावत जाऊन त्याला कडकडून मिठी मारली.

"हळू, हळू!" तो घाईघाईनं मागं सरला, पण तोवर खळकन आवाज झाला होता, आणि त्याच्या स्वेटरखालून गोदामातल्या लोखंडी साखळीचं एक टोक सुटून दोघांच्या मध्ये लोंबायला लागलं.