भिंतीवरची यादी

यादीत नाव नव्हतं. अमोसने नऊही नावं वरून खाली वाचली, मग खालून वर. त्याच्या जागेवर, बेसबॉलच्या मैदानात मधल्या सीमेला, आज प्रेस्टन खेळणार होता.

रोज दुपारी हॉलिस कोच ही यादी कपडे बदलायच्या खोलीबाहेर चिकटवायचे. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आज ते मोत्याच्या दाण्यांसारखं होतं, त्यामुळे प्रेस्टनचं नाव लांबूनही वाचता आलं.

प्रेस्टनला क्लबने वाजतगाजत निवडून आणला होता. अमोसला कुणी निवडलाच नव्हता. ज्या वर्षी बेसबॉलच्या क्लबांनी शेकड्यांनी पोरं उचलली, त्या वर्षी तो केंटकीत फोनजवळ तीन दिवस बसून राहिला. मग स्वतःच दारोदार फिरला, बसमध्ये झोपला, आणि खालच्या संघातून एकेक पायरी चढत आयोवाच्या या गावात पोचला. आता वरची एकच पायरी उरली होती आणि वय झालं होतं एकोणतीस.

"म्हातारबा," संघातला बेनितो मागून म्हणाला. एरवी हा पठ्ठ्या दिवसभर टवाळी करायचा, पण आज त्याची नजर जमिनीवर होती. "कोच बोलावतायत. आत गेल्यावर दार लावून घे म्हणाले."

दार लावून बोलणं कसलं असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. अमोसने आत जाऊन दार लावून घेतलं.

कोचांच्या टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं होतं. घरी पाठवलेल्या गड्याला इथे सामान भरायला खोकं द्यायचे. गेल्याच महिन्यात डॅनीला मिळालं होतं. कोच भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे बघत बसले होते.

"बस. किती वर्षं झाली रे तुला?"

"सात, कोच."

"बायको काय म्हणते?"

"डिसेंबरात बाळ होईल. तिचा भाऊ छपरं घालायची कामं घेतो. तो म्हणतो, माझ्याकडे ये."

"घरी जाण्यात लाज नसते," कोच सावकाश म्हणाले. "कधीतरी सगळेच जातात."

छपरावर चढायची अमोसला भीती नव्हती. पण आज इथून गेला तर पुन्हा कुठलाच क्लब त्याला दारात उभा करणार नव्हता.

"कोच, पंधरा दिवस द्या. फक्त पंधरा. या महिन्यात प्रेस्टनपेक्षा दुप्पट फटके माझे आहेत. तुम्ही तर बघितलंत ना!"

"बघितलं. म्हणूनच तुला खेळवलं. वरून रोज फोन यायचा, प्रेस्टनला खेळव, त्याच्यावर पैसा ओतलाय. मी म्हणायचो, यादी मी लिहितो."

"मग आज काय झालं?" अमोसचा आवाज चढला. "आज तुम्हीही शेपूट घातलीत? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती मला."

कोच रागावले नाहीत. त्यांनी खणातून पाकीट काढून पुढे सरकवलं. आत उद्या सकाळच्या शिकागोच्या विमानाचं तिकीट होतं, अमोसच्या नावाचं.

"वरच्या संघाचा गडी काल भिंतीवर आदळला. खांदा गेला. नड आली की वरच्यांनाही फटके मोजता येतात. उद्या तू मोठ्या मैदानावर उतरणार. म्हणून आज विश्रांती."

अमोसने तिकीट दोनदा वाचलं. मग तो रडला, हसला, टेबलाला वळसा घालून कोचांच्या गळ्यातच पडला. जे बोलून बसला त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

"माफ करा, कोच. पण काय हो तुम्ही! समोर खोकं काय मांडता, घरी जायच्या गोष्टी काय करता. जीव घेतलात माझा!"

कोचांनी चष्मा खोक्यात टाकला आणि खोकं काखेत मारलं.

"खोकं तुझं नाही रे," ते दाराकडे जात म्हणाले. "आणि आजची यादी मी लिहिलेली नाही."